डायलिसिस युनिटमध्ये नवीन लागलेल्या तुला

तुझा मेसेज वाचला, काउन्सेलर म्हणून डायलिसिस युनिटला लागलीस, खूप बरं वाटलं. पेशंटला धीर कसा द्यायचा म्हणतेस, तर आधी धीर देऊच नकोस, त्याला काय वाटतंय ते विचार. आठवड्यातून 3 वेळा 4-4 तास मशीनवर असणाऱ्या माणसाचे कान 'सगळं ठीक होईल' ऐकून किटलेले असतात.

दोन डायलिसिसच्या मधे अंगात पाणी साठून पेशंट 4 किलो वजन वाढवून आला की सगळे त्याच्यावर तुटून पडतात, पाणी का प्यायलात म्हणून. अगं लघवी जवळजवळ बंद, मे महिन्याचं ऊन, आणि चहा आमटी ताक सगळं त्या मोजक्या पाण्यातच धरायचं, सोपं आहे का ते? तू ओरडू नकोस, घरी काय चाललंय ते विचार. डायलिसिस चुकवली तरी तेच. कधी कारण साधं असतं, महात्मा फुले योजनेत डायलिसिस मोफत झालं तरी एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी असतेच ना. कधी मात्र माणूस जगण्यालाच कंटाळलेला असतो.

थकवा, भूक नाही, झोप नाही, हे किडनीमुळेही होतं आणि डिप्रेशनमुळेही, म्हणून डिप्रेशन नजरेतून सुटून जातं. त्यापेक्षा कशात मन रमतं का ते बघ, नातवंडं आली तर बरं वाटतं का, मॅच बघावीशी वाटते का, असं विचार. मरणाचे विचार येतात का हेही सरळ विचार, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. हो म्हणाला तर त्याच दिवशी नेफ्रोलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना सांग, सायकियाट्रिस्टना दाखव, तोवर एकटं सोडू नका. रात्री-अपरात्रीसाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 लिहून दे, मराठीत बोलतात.

बोलायचं ते मशीन लागल्यावर पहिल्या तास-दोन तासात, शेवटी बीपी उतरतं, पायात गोळे येतात, तेव्हा नको. नवराबायकोतलं किंवा पैशाचं काही असेल तर आधीच बाजूला घे, बेड एवढे जवळ असतात की सगळं ऐकू जातं.

आणि शेजारच्या बेडवरचा पेशंट गेला की 'त्यांची शिफ्ट बदलली' असं सांगायची पद्धत असते बऱ्याच ठिकाणी, मला ते अजिबात पटत नाही, वर्षानुवर्षं शेजारी झोपलेल्या माणसांना कळत नाही का? घरच्यांना विचारून खरं सांग, आणि त्या दिवशी त्या शिफ्टच्या प्रत्येकाजवळ थोडं बस, पुढचा नंबर आपला ही भीती कोणी आपणहून बोलत नाही.

पहिला आठवडा फॉर्म बाजूला ठेव, कोण कुठून येतं, सोबत कोण असतं एवढंच बघ. अडलं तर फोन कर.