जगात पुरेसे धान्य पिकत असताना लोक उपाशी का राहतात?

धान्य कमी पडते म्हणून भूक आहे, हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. जगात वर्षाला सुमारे 280 कोटी टन तृणधान्य पिकते. ते 800 कोटी लोकांत सारखे वाटले, तर माणशी रोज जवळजवळ एक किलो येईल. त्यातला मोठा वाटा जनावरांच्या खाद्यात आणि काही इंधनात जातो, हे खरे. पण मूळ अडचण अशी की धान्य गरजेकडे नव्हे, पैशाकडे वाहते. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाबाबत अमर्त्य सेन यांनी हेच दाखवले: युद्धकाळात तांदूळ महागत गेला, शेतमजुरांची मजुरी मागे राहिली आणि लाखो माणसे मेली. आजही सुदान किंवा येमेनमधली उपासमार मुख्यतः युद्धाची देणगी आहे.

नागपुरात हे पाहायला लांब जावे लागत नाही. कळमना बाजारात तुरीच्या पोत्यांची थप्पी लागलेली असते आणि ती रचणाऱ्या हमालाच्या डब्यात मात्र भातावर पाण्यासारखे वरण असते. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने बहुतेक लाभार्थ्यांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. त्याने पोटाला आधार होतो (आणि ही लहान गोष्ट नव्हे), पण डाळ, तेल आणि भाजी बाजारभावानेच घ्यावी लागते. पोट भरले तरी अंग धरत नाही, ते यामुळे. मेळघाटातील बालकांच्या कुपोषणात तर गरोदर आईचे अशक्तपण, वारंवारचे आजार आणि लांबचा दवाखाना यांचीही भर पडते.