‘सर्व्हिस झालं’ म्हणून हातात दिलं, तरी फिल्टर हिरवाच होता

बारा वर्षं बॅगेत पडून असलेला काकांचा स्कूबा सेट (पाण्याखाली श्वास घेत पोहण्याचं सामान), त्यात रेग्युलेटर (सिलिंडरच्या हवेचा दाब कमी करून ती तोंडात देणारं यंत्र), बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट), कम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारा) आणि अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर. सर्व्हिसिंगवर पैसे घालावेत की भंगारात काढावा, हे तुम्ही विचारलंय. वाचताना मला माझीच बॅग आठवली. तुमच्यासारखाच मीही ‘फार वापरलेलंच नाही हो’ या वाक्यावर भुललो होतो.

न वापरलेलं असणं हा गुण नाही, हे आधी डोक्यात घ्या. सेकंड स्टेजची, म्हणजे रेग्युलेटरच्या तोंडाकडच्या भागाची, सीट (हवा अडवणारी मऊ गादी) वर्षानुवर्षं एकाच जागी दाबलेली राहिली की तिच्यात खाच पडते. ओ-रिंग, म्हणजे सांध्यांतल्या रबरी कड्या, कडक होतात. पाण्यात नियमित जाणारा आणि वेळेवर उघडला गेलेला दहा वर्षांचा रेग्युलेटर मी डोळे झाकून घेईन, पण बॅगेत झोपलेला घेणार नाही.

आता माझी चूक. सगळा सेट एका सर्व्हिस सेंटरला नेऊन दिला आणि म्हटलं, ‘जे लागेल ते करून द्या.’ या मॉडेलचं सर्व्हिस किट (बदलायच्या भागांचा संच) अजून मिळतं का, हा एकच प्रश्न विचारायचा होता, तो विचारला नाही. दोन महिने फोन केला की ‘पार्ट येतायत’. मग एक दिवस बिल आलं. रक्कम नव्या साध्या रेग्युलेटरच्या निम्म्याहून जास्त. घरी येऊन सहज टॉर्च मारून फर्स्ट स्टेजच्या (सिलिंडरला जोडायच्या भागाच्या) तोंडाशी बघितलं, तर आतला फिल्टर हिरवागार! दिला तेव्हा होता तसाच. अहो, सर्व्हिस म्हटलं की सीट आणि ओ-रिंगांबरोबर हा फिल्टरही बदलायचा असतो, तो किटमध्येच येतो. जाब विचारला तेव्हा कळलं की किट केव्हाच बंद झालंय, ‘म्हणून साफ करून परत जोडलं’. मग मजुरी कसली घेतली? त्याला उत्तर नाही. कंपनीला ईमेल लिहिला, तर उलट सल्ला आला, ‘जवळच्या अधिकृत सेंटरशी संपर्क साधा.’ म्हणजे त्यांच्याशीच. असो.

नंतर एका ओळखीच्या इन्स्ट्रक्टरने गेज लावून इंटरमीजिएट प्रेशर (फर्स्ट स्टेजमधून पुढे जाणाऱ्या हवेचा दाब) बघितलं. काटा साडेनऊ बारवर थांबायला हवा होता, तो सरकत सरकत बाराच्या पुढे गेला. याचा अर्थ फर्स्ट स्टेजमधली हाय प्रेशर सीट गेलेली. पुढे सेकंड स्टेजमधून फुसफुस सुरू होणारच होती, झालीही.

म्हणून तुम्ही रेग्युलेटर उघडायला देण्याआधी मॉडेलचं नाव पाठवून किटबद्दल लेखी उत्तर घ्या. किट नाही म्हणाले तर विषय तिथेच संपला, काकांवर कितीही प्रेम असो. किट असेल तर दोन अटी घाला: काढलेले जुने पार्ट पिशवीत परत हवेत आणि सर्व्हिसआधीचं व नंतरचं प्रेशर कागदावर लिहून हवं. यावर कुरकुर करणाऱ्याकडे मी तरी पुन्हा जात नाही.

घरी फुकटात होणारी तपासणी म्हणजे तोच फिल्टर. हिरवट असेल तर आत पाणी शिरलंय. लालसर असेल तर कधीतरी गंजलेल्या स्टीलच्या सिलिंडरवर चाललाय. काळी भुकटी बहुधा कम्प्रेसरच्या कार्बनची. दुसरं, फर्स्ट स्टेजच्या तोंडावर डस्ट कॅप (धुळीचं झाकण) घट्ट लावून माउथपीसमधून हलकेच हवा ओढा. थोडी येऊन थांबली पाहिजे. येतच राहिली तर डायफ्रॅम (आतला रबरी पडदा), एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (उच्छ्वास बाहेर सोडणारी झडप) नाहीतर बाहेरचं कवच कुठेतरी गळतंय. थांबली म्हणून आत सगळं ठीक आहे असं मात्र नाही. मी टेक्निशियन नाही, फक्त पोळलेला ग्राहक आहे. स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः उघडायला बसू नका.

रेग्युलेटर फारच जुना असेल तर फर्स्ट स्टेजची भोकं नीट बघा. जुन्या काही मॉडेलांत हाय आणि लो प्रेशरचे पोर्ट एकाच मापाचे, 3/8 इंची असायचे. नंतर हाय प्रेशरचा 7/16 झाला. एकाच मापाचे असतील तर होजची (नळ्यांची) अदलाबदल होऊ शकते आणि लो प्रेशरच्या होजवर थेट सिलिंडरचा दाब येऊ शकतो. असलं काही दिसलं तर मी पैसे घालणार नाही. रबरी होज तर एरवीही बदलाच. क्रिम्पजवळ (टोकाच्या दाबून बसवलेल्या धातूच्या कड्याजवळ) वाकवून बघा, भेगा दिसतील.

बीसीडी फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडली किंवा हलवल्यावर आत मिठाचे खडे खुळखुळले तर सोडून द्या. कम्प्युटरबद्दल काय बोलणार, बारा वर्षांनी त्यात मला रस नाही.

सिलिंडरची मात्र थट्टा नको. खांद्यावर कोरलेली तारीख वाचा, मिश्रधातू कोरलेला असेल तर तोही. 1990 च्या आधीच्या बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरांत 6351 मिश्रधातू वापरलाय, त्यात मानेच्या आट्यांपाशी भेगा पडतात आणि अशी सिलिंडरं फुटलेलीही आहेत. बरेच जण ती भरूनच देत नाहीत. कुणी हौसेने रंगवून भट्टीत सुकवलं असेल तरीही बाद, कारण उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम कमजोर होतं. हायड्रो टेस्टचे (पाण्याच्या दाबाने सिलिंडर तपासण्याचे) पैसे भरण्याआधी हे बघा, आणि आत थोडी हवा उरली असेल तर व्हॉल्व्ह घरी काढायला जाऊ नका.

माझ्या त्या सेटमधली शिशाची वजनं तेवढी अजून वापरतो. काकांच्या बॅगेत असतील तर ती आधी बाजूला काढून ठेवा.