वाचकांचे प्रश्न : कायम जोडलेल्या बॅकअपचा धोका

प्रश्न : चाकणजवळ आमचा वाहनांचे सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना आहे. कार्यालयात पंधरा संगणक असून हिशेब टॅलीत आहेत. अँटिव्हायरसचे दरवर्षी नूतनीकरण करतो आणि सर्व्हरला कायम जोडलेल्या हार्ड डिस्कवर रोज रात्री आपोआप बॅकअप होतो. आता एका विक्रेत्याने ईडीआर ही, संगणकांवरील संशयास्पद हालचाली टिपून इशारा देणारी, महागडी प्रणाली सुचवली आहे. ती घ्यावी का?

उत्तर : ईडीआर उपयुक्त आहे, परंतु तुमची हार्ड डिस्क सर्व्हरपासून कधीच वेगळी होत नाही, ही बाब मला अधिक तातडीची वाटते. सर्व्हरवर शिरलेले रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फायली अडकवून ठेवणारे घातक सॉफ्टवेअर, त्या सर्व्हरला जिथे जिथे लिहिता येते तिथल्या फायली कुलूपबंद करते, आणि त्यात तुमचा बॅकअपही आला.

२७ जून २०१७ रोजी पसरलेल्या, रॅन्समवेअरसारख्या दिसणाऱ्या नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरचे उदाहरण घ्या. युक्रेनमधील एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे ज्याच्यावर कोणीही शंका घेतली नसती अशा वाटेने, ते शिरले. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाचे आपल्या जेएनपीटीमधील टर्मिनलही ठप्प झाले. मर्स्कचे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सर्व्हर, एकमेकांची प्रत सांभाळत असत. एक गेला तरी बाकीचे राहतील, असा हिशेब होता. प्रत्यक्षात सगळे एकाच वेळी गेले. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेल्यामुळे तो जाळ्यातून बाहेर होता! कंपनीने नंतर आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले.

घानात जे योगायोगाने घडले ते तुम्ही ठरवून करावे. दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, त्या आलटून-पालटून वापराव्यात आणि काम संपताच काढून एक कारखान्याबाहेर ठेवावी. शिवाय जुन्या आवृत्त्या राखणाऱ्या क्लाउडवर तिसरी प्रत असावी, मात्र तिचा पासवर्ड सर्व्हरवर साठवू नये. दर तिमाहीला वेगळ्या संगणकावर बॅकअप उतरवून टॅलीतील कंपनी उघडते का आणि शिल्लक जुळते का, हे लेखापालाकडून तपासून घ्यावे. ही चाचणी बहुतेक ठिकाणी होतच नाही, आणि मग बॅकअप अपुरा असल्याचा शोध नेमका संकटाच्या दिवशी लागतो.

नॉटपेट्या एका संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलून पुढच्या संगणकांत शिरत असे, त्यामुळे सुरक्षा-अपडेट केलेले संगणकही सुटले नाहीत. म्हणून पंधराही संगणकांना एकच ॲडमिन पासवर्ड नसावा. लेखापाल घरून रिमोट डेस्कटॉपने थेट काम करत असतील, तर ती वाट बंद करून व्हीपीएन (कार्यालयाच्या जाळ्याशी सुरक्षित खासगी जोडणी) आणि मोबाइलवरील दुसरी पडताळणी सुरू करावी. एवढे झाल्यावर विक्रेत्याला विचारावे, की रात्री दोन वाजता ईडीआरने दिलेला इशारा कोण वाचणार? चोवीस तास लक्ष ठेवण्याची सेवा दरात धरली नसेल, तर खरेदी पुढे ढकलण्यास हरकत नाही.

प्रश्न : हल्ला झाल्यास तो कळवावाच लागतो का? ग्राहकांत बदनामी होण्याची भीती वाटते.

उत्तर : होय. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार रॅन्समवेअरसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कंपन्यांनी ती कळवायची असते आणि प्रणालींचे लॉग, म्हणजे त्यांत काय घडले याच्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. खात्यातून पैसे गेले असतील, तर बँकेला आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच ती गोठवता येते. बाधित संगणकाची नेटवर्क केबल काढावी, वायफाय बंद करावे. मात्र घाईने तो फॉरमॅट करू नये, तपासाला लागणारे पुरावे त्यातच असतात.