दिवा घाटातच का लागतो?

प्रश्न : मेस्त्री, माझी 2014 ची पेट्रोल कार आहे. बेळगावात, नंदगडकडे, कुठंही फिरवा, तक्रार नाही. पण गोव्याहून परतताना चोर्ला घाट चढायला लागलो की कितीही पाय दाबा, गाडी ओढत नाही. कणकुंबी येईपर्यंत चेक इंजिनचा दिवा लागलेला असतो. कोड पी 0171. एका गॅरेजात ऑक्सिजन सेन्सर बदलला, दिवा पुन्हा आला. आता ते ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदला म्हणतात. मुलानं मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर आणलाय. त्यात लाँग टर्म फ्युएल ट्रिम आयडलिंगला (गाडी उभी, पाय न देता) 5 टक्के आणि घाटात 22 टक्के दाखवतं. काय करू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ईसीएमला हात लावू देऊ नका. तुमच्या मुलानं टिपलेले हे दोन आकडे गॅरेजात कुणी बघितलेच नाहीत, असं दिसतंय. ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के जादा पेट्रोल सोडतोय ते.

पी 0171 म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत गेला तरी मिश्रण लीनच, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, राहिलं. का राहिलं, ते कोड सांगत नाही. लीन आहे हे सेन्सरनं कळवलं म्हणून त्यालाच काढून टाकलं! तो खोटं बोलत असता तर आयडलिंगचा आकडाही बिघडला असता. तिथं 5 आहे, म्हणजे ठीक. दहापर्यंत मी मनावर घेत नाही. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण 14.7 ला एक, याला साधारण 13.5 ला एक. त्यामुळं जुन्या गाडीची ट्रिम थोडी वर जाते. पण ती सगळीकडंच जाते, नुसती घाटात नव्हे.

कुठून तरी हवा चोरून आत येत असेल तर ट्रिम आयडलिंगला जास्त दिसते आणि रेस वाढवली की उतरते. तुमचं नेमकं उलटं आहे. लोड आला की इंधन पुरत नाही. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल तर तो मळूनही असंच होतं. त्याच्यासाठीचा स्प्रे मारून बघा, तारेला फडकं लावू नका.

माझा संशय मात्र गाडीतल्या इंधन पंपावर आहे. खरं सांगा, गोव्यात पेट्रोल स्वस्त म्हणून इथून काटा तळाला टेकवूनच गाडी नेता की नाही? आपल्याकडं ही खोड बऱ्याच जणांना आहे. पंप टाकीच्या आत असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनंच थंड राहतो. रिकाम्या टाकीवर चालवून तो झिजतो. परतताना टाकी भरलेली असली तरी झिजलेला पंप चढणीला दमतोच.

पण लगेच पंप विकत घेऊ नका. आधी प्रेशर गेज लावायला सांगा. अशा बऱ्याच गाड्यांत 3 ते 4 बार लागतं, तुमचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. उभ्या गाडीत बरोबर दिसलं म्हणून गप्प बसायचं नाही, लोडवर ते टिकतंय का ते बघायचं. पडत असेल तर इंजिन चालू ठेवून पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी भरलं तर रिले, अर्थिंग, कनेक्टर साफ करून घ्या. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात अर्थिंग गंजायला वेळ लागत नाही. व्होल्टेज बरोबर असूनही प्रेशर पडलं, तर फिल्टर आणि पंप.

घाटात ट्रिम बघायचं काम शेजारी बसणाऱ्याला द्या. तिसऱ्या गिअरला, अर्ध्या पायावर बघा. पाय पूर्ण दाबला की कॉम्प्युटर तो हिशेब बाजूला ठेवतो. आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढल्याशिवाय कोड पुसू देऊ नका. दिवा लागला त्या क्षणीचं आरपीएम, लोड, तापमान त्यात असतं, पुसलं की गेलं.

दिवा नुसता लागलेला असेल तर सावकाश घरी या. लुकलुकायला लागला तर मात्र थांबा. मिसफायरनं, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटल्यानं, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

प्रेशर टिकूनही आकडा चढलाच, तर पुढं पेट्रोल फवारणारे इंजेक्टर. ईसीएम त्याच्याही बराच मागं.