पहिला फोल्डिंग चाकू घेताय? मग एवढंच बघा

पहिल्याच चाकूला महागडं स्टील शोधत बसू नका, ओपिनेल नंबर 8 (लाकडी मुठीचा साधा फ्रेंच चाकू) किंवा व्हिक्टोरिनॉक्स (बरीच अवजारं असलेला स्विस चाकू) यातला एक घ्या आणि बिनधास्त वापरा. ट्रेकवर कांदा-काकडी, फळं कापायची असतील तर ओपिनेल मस्त, पातं साडेआठ सेंटीमीटर, पातळ, आणि मुठीच्या टोकाची कडी फिरवली की लॉक होतं, म्हणजे आपोआप मिटत नाही. पण स्टेनलेसवालाच घ्या हं, कार्बन स्टील आपल्या पावसाळ्यात बघता बघता गंजतं. कात्री, ओपनर हवं असेल तर व्हिक्टोरिनॉक्स, फक्त त्याच्या छोट्या मॉडेल्सना लॉक नसतो, टोकाने भोसकलं तर पातं बोटावर मिटू शकतं.

नवीन लोकांच्या नेहमीच्या चुका:
- स्वस्त डुप्लिकेट घेणं
- पात्याने डबे उचकटणं
- धारच न लावणं, बोथट चाकू जास्त घसरतो
- विमानात हँडबॅगेत ठेवणं, चेक-इनमध्येच टाका