‘के ङाङ’ ही शिवी आहे का?

प्रश्न : काका, इतवारीत माझं एलईडी माळांचं होलसेल दुकान आहे. माल हाँगकाँगच्या दलालाकडून येतो. भावाची घासाघीस सुरू झाली की तो फोन जरा दूर धरून भागीदाराला ‘के ङाङ’ की असंच काहीतरी म्हणतो. मला शिव्या घालतो काय?
– एक व्यापारी, नागपूर

उत्तर : नाही भाऊ. ही हाँगकाँगची भाषा, कँटनीज. ‘के’ म्हणजे उभं राहणं, ‘ङाङ’ म्हणजे कडक. भागीदाराला तो सांगतोय, भाव सोडू नको, अडून बस. हाँगकाँग सरकारच्या अमली पदार्थांविरुद्धच्या घोषणेतही हाच शब्द आहे; तिथे तो तरुणांना सांगतो, ठाम राहा, घेऊ नका. शिवी असती तर सरकारने भिंतीवर लावली असती का? (ङ हे अक्षर आपण बाराखडीत घोकतो आणि विसरतो. तिकडे त्यानेच शब्द सुरू होतात.)

हाँगकाँगला नेथन रोडवरच्या कचेरीत नोकरीला होतो तेव्हा भांडणाची भाषा मी खालच्या चहावाल्याकडे शिकलो. त्यातला बराच माल टोळ्यांच्या बोलीतून आलेला. ‘छोय काय’ म्हणजे शिट्टी फुंकून माणसं गोळा करणं. ‘साय मा’चा शब्दशः अर्थ घोडे मांडून दाखवणं, घोडे म्हणजे हाताखालचे पोट्टे. मारामारी करायचीच असं नाही, समोरच्याने नुसते मोजावेत. मग ‘कोंग सोउ’, म्हणजे आकडे बोलणं, तडजोडीची बैठक. हरलेला चहा ओतून देतो, माफी झाली. मला सगळ्यात आवडतो तो ‘आउ साउ क्वा’. म्हणजे पंजा लढवणं. तिकडे दंडाच्या बेटकुळीला ‘हाताचं फळ’ म्हणतात, क्वा म्हणजे भोपळा-टरबूज जातीचं. दोन पक्षांची रस्सीखेच सुरू झाली की तिथली वर्तमानपत्रंही हाच शब्द वापरतात.

तुम्ही मात्र यातलं काही दलालाला ऐकवू नका. ‘साय मा’ म्हणालात तर धमकी वाटेल. शिवाय कँटनीजमध्ये सूर सहा. सूर चुकला की शब्दच दुसरा होतो, आणि आपला नागपुरी हेल कोणत्या सुरात पडेल ते सांगवत नाही.

त्याने ‘के ङाङ’ म्हटलं की हसून ‘पेंग ती ला’ म्हणा. जरा स्वस्त करा हो, एवढंच. भाजीबाजारात म्हाताऱ्याही हेच म्हणतात. आणि माळांची ऑर्डर दिवाळीच्या तोंडावर देऊ नका राजेहो, गरज तुमची आहे हे त्याला दिसतं, मग तो कशाला हलेल?