‘भ्रातृमंडळाचे स्थापनास्थळ’ म्हणावे का?

अमेरिकेत मिशिगन राज्यातील ईगल हार्बर या लहानशा गावातल्या ऐतिहासिक शाळेविषयी मराठीत लिहिताना ‘नाइट्स ऑफ पिथियस या भ्रातृमंडळाचे स्थापनास्थळ’ असे म्हणता येईल का, अशी पृच्छा आहे. माझ्या मते यातील दोन्ही शब्द बदलायला हवेत.

‘भ्रातृमंडळ’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु आपल्याकडे तो ज्ञातिसंस्थांच्या नावांत इतका रुळला आहे, की वाचताच वधूवर मेळावे भरवणारी, एकाच समाजाची संस्था डोळ्यांपुढे येते. नाइट्स ऑफ पिथियस ही मात्र ‘फ्रॅटर्नल सोसायटी’, म्हणजे शपथेने जोडलेल्या सदस्यांची संघटना आहे. अशा संघटनेतले नाते जन्माने मिळत नाही. विधिपूर्वक दीक्षा आणि शपथ घेऊन परकी माणसे तेथे एकमेकांचे बंधू होतात व अडीअडचणीला एकमेकांच्या पाठीशी उभी राहतात. मराठीत याच्या सर्वांत जवळचे नाते गुरुबंधूंचे, मात्र येथे गुरू नाही. ‘भाऊबंद’ तर मुळीच नको, कारण त्यामागोमाग भाऊबंदकी आलीच. संविधानाच्या उद्देशिकेमुळे ‘बंधुता’ हा शब्द जन्माशी न बांधलेल्या अर्थाने सर्वपरिचित झाला आहे, म्हणून ‘बंधुसंघ’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो. ‘नाइट्स’चे ‘सरदार’ वगैरे करू नये. विशेषनाम आहे तसेच ठेवावे.

‘स्थापनास्थळ’ येथे वस्तुस्थितीलाच धरून नाही. १८५३ साली बांधलेल्या या एका खोलीच्या शाळेत जस्टस रॅथबोन हे शिक्षक होते आणि १८६०च्या सुमारास, डेमन व पिथियस यांच्या मैत्रीवरील नाटकाने भारावून जाऊन, त्यांनी दीक्षाविधीची संहिता रचायला घेतली. सिराक्यूजच्या जुलमी राजाने देहदंड ठोठावलेल्या माणसाला घरची निरवानिरव करता यावी म्हणून त्याचा मित्र स्वतःच्या जिवावर जामीन राहतो आणि दंडित मित्र दिल्या शब्दाप्रमाणे परततो, अशी ती ग्रीक कथा आहे. संघाची रीतसर स्थापना मात्र १९ फेब्रुवारी १८६४ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, वॉशिंग्टन येथे झाली. त्यामुळे शाळेसाठी ‘उगमस्थान’ हा शब्द योग्य होय.

ही शाळा आता स्मारक म्हणून जपलेली आहे. पण नुसते ‘स्मारक’ म्हटले की मराठी वाचकाला पुतळा किंवा स्तंभ आठवतो, म्हणून शाळेच्या इमारतीला ‘स्मारकवास्तू’ म्हणावे. पूर्ण वाक्य असे होईल: ‘ईगल हार्बर येथील जुनी शाळा ही नाइट्स ऑफ पिथियस या बंधुसंघाच्या उगमस्थानाची स्मारकवास्तू आहे.’